निसर्गचित्रातील मोळी

खेड्याच्या चित्रापुढे उभा राहिलेला सुशिक्षित रसिक बहुधा एकच शब्द उच्चारतो : शांत. शेत शांत, वाट शांत, झाडे शांत. हा शब्द चित्राचे वर्णन करतो की पाहणाऱ्याच्या मनःस्थितीचे, याचा विचार फारसा कुणी करीत नाही. ज्याला त्या शेतात राबावयाचे आहे त्याला ते शेत शांत वाटेल काय? ज्याला त्या वाटेने ओझे न्यावयाचे आहे त्याला ती वाट काव्यात्म वाटेल काय? साहित्याच्या संदर्भात हा प्रश्न आपल्याकडे पुष्कळ वेळा विचारला गेला आहे. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत बोलताना बाबासाहेबांनी खेड्याच्या गौरवगानाला रोखठोक नकार दिला. त्यानंतर हा प्रश्न टाळून खेड्याविषयी लिहिणे आपणा कुणालाच शक्य राहिलेले नाही. चित्रकलेपुढे उभे राहिल्यावर मात्र आपण तो विसरतो. चित्रकला म्हणजे रंगरेषांचा शुद्ध आनंद, तेथे असले प्रश्न विचारणे अरसिकपणाचे, असे आपल्याला महाविद्यालयात शिकविले गेले आणि आपण ते मुकाट्याने मान्य केले.

हा प्रश्न मी येथे एका चित्राला विचारणार आहे. कामीय पिसारो (१८३०–१९०३) ह्या चित्रकाराचे 'जेले ब्लांश' हे तैलचित्र १८७३ सालचे. शीर्षकाचा अर्थ गोठलेले दहिवर. पॅरिसच्या वायव्येस वाझ नदीकाठी पाँत्वाझ नावाचे गाव आहे. तेथून एनरीकडे जाणाऱ्या जुन्या रस्त्यावरचे हे दृश्य. सुमारे ६५ सेंटिमीटर उंच आणि ९३ सेंटिमीटर रुंद असे हे चित्र आज पॅरिसच्या ओर्से संग्रहालयात आहे. मी पॅरिसला गेलेलो नाही. मी हे चित्र पाहिले ते पुस्तकात छापलेल्या प्रतीवरून आणि संग्रहालयाने खुल्या केलेल्या छायाचित्रावरून. माझ्या म्हणण्याची मर्यादा वाचकांनी एवढ्यावरून ओळखावी.

चित्रात घडत काहीच नाही. हिवाळ्यातील सकाळ आहे. वर फिकट निळे आभाळ. खाली नांगरलेले रान, पिवळसर, हिरवट, तपकिरी, आणि त्यावर दहिवराचा पांढुरका थर. नांगराचे तास तिरके गेलेले आहेत. शेतातून एक वाट जाते. दूर काही झाडे, पाने झडलेली. शेतावर लांबच लांब निळसर सावल्या आडव्या पडल्या आहेत. आणि वाटेवर एक माणूस आहे. त्याच्या पाठीवर सरपणाची मोळी आहे. तो वाकून चालला आहे.

पहिल्यांदा मी हे चित्र पाहिले तेव्हा विद्यार्थी होतो. एका रसग्रहण शिबिरात भिंतीवर प्रकाशझोत टाकून चित्रे दाखवीत होते. हे चित्र आले तेव्हा व्याख्याते क्षणभर थांबले आणि म्हणाले, "काय ही शांतता!" मी वहीत लिहून घेतले : 'पिसारो. शांत, थंड, काव्यात्म.' ती वही अजून माझ्याजवळ आहे. त्या दिवसांत माझी माय आठवड्यातून दोनदा तालुक्याच्या बाजारात मोळी विकायला जात होती. माझ्या वसतिगृहाच्या खर्चात त्या मोळीचे पैसे होते. आणि तरीही भिंतीवरच्या त्या माणसाच्या पाठीवरची मोळी मला दिसली नाही. व्याख्यात्यांना मी दोष देत नाही. त्यांच्या घरात कुणी मोळी वाहिली नसेल. दोष कुणाला द्यावयाचाच तर तो माझ्या डोळ्यांना द्यावा लागेल. शिकत असताना मी दुसऱ्याचे डोळे उसने घेतले होते आणि ते आपलेच आहेत असे समजत होतो. आपल्यापैकी जे पहिल्या पिढीचे पदवीधर आहेत, त्यांना मी काय म्हणतो आहे ते वेगळे सांगावे लागणार नाही.

आता चित्राच्या इतिहासाकडे वळू. १५ एप्रिल १८७४ रोजी पॅरिसमध्ये बुलव्हार दे कापुसीन ह्या रस्त्यावर, नादार ह्या छायाचित्रकाराच्या जुन्या स्टुडिओत, काही चित्रकारांनी स्वतःच्या हिमतीवर प्रदर्शन भरविले. सरकारी सालोनच्या परीक्षकांकडे दयेची याचना करण्याचा त्यांना कंटाळा आला होता. प्रवेशशुल्क १ फ्रँक. ह्याच प्रदर्शनावर 'ल शारिव्हारी' ह्या विनोदी पत्रात लुई लरवा ह्या टीकाकाराने थट्टेचा लेख लिहिला आणि मोनेच्या एका चित्राच्या शीर्षकावरून ह्या मंडळींना 'इम्प्रेशनिस्ट' हे नाव चिकटले. मराठीत आपण त्यांना दृक्प्रत्ययवादी म्हणतो. पिसारोची ५ चित्रे तेथे होती. 'जेले ब्लांश' त्यांपैकी एक.

त्या वेळच्या समीक्षकांनी पिसारोवर घेतलेले तीन आक्षेप पाहण्यासारखे आहेत. लरवाने आपल्या लेखात एका काल्पनिक बुजुर्ग चित्रकाराच्या तोंडून म्हणविले की, हे नांगराचे तास नव्हेत आणि दहिवरही नव्हे. रंगाच्या पाटीवरचे खरवडलेले रंग घाणेरड्या कॅनव्हासवर फासले आहेत, झाले. कास्तान्यारी हा समीक्षक ह्या मंडळींविषयी पुष्कळसा सहानुभूतीने लिहीत होता. परंतु त्यानेही तक्रार केली की, चौकटीत जी झाडेच नाहीत त्यांच्या सावल्या पिसारो शेतावर पाडतो, ही मोठी चूक आहे. ती झाडे कोठे असतील ह्याची कल्पना प्रेक्षकाने करीत बसायचे काय? त्याचीच दुसरी तक्रार अशी की, पिसारोला भाजीच्या मळ्यांचे भलतेच वेड आहे आणि कोबीसारख्या भाज्या रंगविताना त्याला काहीच वाटत नाही.

माती, सावली आणि भाजी. ह्या तीन आक्षेपांत कोठेही माणूस नाही. माझ्या वहीतही तो नव्हता. परंतु प्रतिपक्षाची तक्रार नीट वाचली तर कलावंताचे सामर्थ्य कोठे आहे ते पुष्कळदा कळते, म्हणून ह्या तिन्ही तक्रारी मी एकेक करून घेतो.

प्रथम माती. सालोनमध्ये मान्यता पावलेल्या निसर्गचित्रांत जमीन ही बहुधा रंगमंचाच्या फळीसारखी असे. गुळगुळीत, तपकिरी, दृष्टीला दूरच्या डोंगराकडे किंवा भग्न देवळाकडे घेऊन जाणारी. पिसारोने ती फळी नांगरली. त्याच्या कुंचल्याचे फटकारे तासांच्या दिशेने जातात. रंग जाड आहे, खडबडीत आहे, ढेकळासारखा आहे. लरवाला तो खरवडलेला रंग वाटला ह्यात नवल नाही. ज्याने नांगरट कधी पायाखाली घेतली नाही त्याला ती रंगाची घाणच वाटणार. येथे जमीन हे कामाचे ठिकाण आहे. कुणीतरी बैल वा घोडे जुंपून, दांडी धरून हे तास काढले आहेत, आणि चित्रकाराने प्रत्येक तास मोजल्यासारखा रंगविला आहे. श्रमाची खूण चित्राच्या अंगावरच उमटली आहे. ती दाखविण्यासाठी नांगर्‍याला चित्रात आणून उभे करण्याची गरजही उरलेली नाही.

दुसरी सावली. ही गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. चित्रातील शेतावर ज्या झाडांच्या सावल्या पडल्या आहेत ती झाडे चित्रात नाहीत, ती चौकटीच्या बाहेर आहेत. कास्तान्यारीला हे सहन झाले नाही. त्याच्या मते चित्र म्हणजे स्वयंपूर्ण जग. त्यात जे आहे त्याचे कारणही त्यातच असले पाहिजे. आपल्याकडील सौंदर्यवादी समीक्षाही हेच सांगत आली. कलाकृतीच्या बाहेर पाहू नका, चौकटीच्या आतच सर्व काही आहे. पिसारोने मात्र डोळ्यांना जे दिसले ते मांडले, आणि डोळ्यांना चौकटीबाहेरच्या गोष्टींची सावली चौकटीत पडलेली दिसत होती. त्याने हे प्रतीक म्हणून केले असे मी म्हणणार नाही. तसे म्हणणे म्हणजे आपले विचार त्याच्या तोंडी घालणे होईल. त्याने फक्त जे दिसते ते सोईसाठी पुसून टाकण्यास नकार दिला. परंतु एवढ्या नकारानेही चित्राची जात बदलते. खेड्याचे कोणतेही दृश्य स्वयंपूर्ण नसते. शेत कुणाच्या मालकीचे, सारा कुणाला, माल कोणत्या बाजारात, वस्ती कोणत्या बाजूला, ह्या साऱ्या गोष्टी चौकटीबाहेर असतात आणि त्यांची सावली शेतावर पडतच असते. ज्यांची घरे गावाच्या चित्रातून नेहमीच बाहेर ठेवली गेली, त्यांना ही सावली चटकन ओळखू यावी.

तिसरी भाजी. पाँत्वाझच्या परिसरात पॅरिसच्या बाजारासाठी भाज्या पिकविल्या जात. पिसारोने कोबीचे मळे रंगविले आणि त्याच १८७३ साली त्याने वाझ नदीकाठच्या मद्यार्काच्या कारखान्याचे धुराडेही रंगविले. म्हणजे हे खेडे कुठल्या पुराणातले नव्हते. ते शहराला बांधलेले, बाजाराला माल पुरविणारे, कारखान्याच्या धुराखाली येऊ लागलेले खेडे होते. कोबी हे काव्याचे पीक नव्हे, पैशाचे पीक. समीक्षकाला खटकला तो हाच व्यवहार.

आता माणूस. काही वर्षांपूर्वी ह्या चित्राची छापील प्रत घरी टेबलावर पडली होती. मायने ती उचलून पाहिली. तिला अक्षर येत नाही. तिने चित्रकाराचे नाव विचारले नाही की देश विचारला नाही. थोडा वेळ पाहून ती म्हणाली, "येवढ्या सकाळी वझं घिऊन निगालाय. रातीच तोडून ठिवलं आसंल. न्हाईतर दिस उगवायच्या आदी रानात गेला आसंल." मग म्हणाली, "वल्लं दिसतंय. मान बग कशी गेलीय त्येची."

मी चित्राच्या वेळेचा असा विचार कधी केला नव्हता. दहिवर उन्हाने वितळते. सावल्या लांब आहेत, म्हणजे सूर्य नुकताच वर आला आहे. आणि मोळी तर बांधून पाठीवर आहे. मग ही मोळी कधी जमविली? ह्या माणसाचा दिवस चित्र सुरू होण्याच्या पुष्कळ आधी सुरू झालेला आहे. ज्या सकाळच्या कोवळेपणाचे रसिक कौतुक करतो, ती ह्या माणसाची सकाळ नव्हेच. त्याच्या दृष्टीने दिवस बराच वर आला आहे. मायने एका वाक्यात चित्राचा काळ उलगडला. आमच्याकडे बाई चुंबळ करून मोळी डोक्यावर घेते, तिकडच्या माणसाने ती पाठीवर घेतली आहे. फरक असेल तर एवढाच. रसग्रहणासाठी अनुभव लागतो असे आपण म्हणतो, पण कुणाचा अनुभव, हे सांगत नाही.

सरपण ही साधी वस्तू नाही. फ्रान्समध्ये १८२७ च्या वनसंहितेने जंगलावरील गावकऱ्यांच्या जुन्या वहिवाटी आवळल्या. त्याविरुद्ध आरिएज भागात १८२९ ते १८३२ ह्या काळात शेतकरी बायकांचा वेष करून वनरक्षकांवर आणि कोळसा पाडणाऱ्यांवर चालून गेले. शेजारच्या जर्मनीत १८४२ साली तरुण मार्क्सने लाकूडचोरीच्या कायद्यावर वृत्तपत्रीय लेख लिहिले. रानात पडलेल्या काटक्या गोळा करणाऱ्या गरिबालाही चोर ठरविणारा तो कायदा होता. आर्थिक प्रश्नांकडे आपण वळलो त्याची सुरुवात त्या वादाने झाली, असे त्याने पुढे स्वतःच नोंदविले आहे. आपल्याकडे १८७८ आणि १९२७ च्या वनकायद्यांनी हेच केले. मायच्या बोलण्यात 'गार्ड' हा शब्द 'वाघ' ह्या शब्दासारखा येई. पिसारोच्या माणसाने ही मोळी कोठून आणली, ते चित्र सांगत नाही. पण एकोणिसाव्या शतकातील गरिबाच्या पाठीवरचे सरपण म्हटले की त्यामागे चूल असते, थंडी असते आणि कुणाचा तरी कायदाही असतो. निसर्गचित्रातील ती नुसती तपकिरी रंगाची जागा नव्हे.

तुलनेसाठी त्याच प्रदर्शनातील, त्याच सालचे दुसरे चित्र पाहू. मोनेच्या 'कोकलिको' ह्या चित्रात तांबड्या खसखशीच्या फुलांनी भरलेला उतार आहे. निळसर छत्री घेतलेली बाई आणि मूल त्यातून फिरत येत आहेत. चित्र मोहक आहे, ह्याबद्दल दुमत असू नये. पण ते शेत फिरावयाला आलेल्यांचे आहे. तेथे काम करणारा कुणी नाही आणि काम झाल्याची खूणही नाही. एकाच वर्षी, पॅरिसपासून जवळच्याच दोन गावांत, दोन मित्रांनी दोन रस्ते रंगविले. एका रस्त्यावर छत्री, दुसऱ्यावर मोळी. दोन्ही चित्रांखाली 'शांत निसर्गदृश्य' असे एकच लेबल लावणे ही आळशी समीक्षा होय.

उलट दिशेचीही तुलना करता येते. मिलेच्या 'सर्वा वेचणाऱ्या बायका' (१८५७) ह्या प्रसिद्ध चित्रात श्रमिक स्त्रिया अगदी पुढे आहेत, भव्य आहेत, जवळजवळ धर्मग्रंथातून उतरल्यासारख्या. लोक पिसारोची मिलेशी तुलना करीत तेव्हा तो वैतागे. मिलेची प्रकृती बायबलची आहे, आणि मी ज्यू असूनही माझ्यात ते फारसे नाही, अशा अर्थाचे त्याने एका पत्रात लिहिले आहे. हे मला पटते. श्रम करणाऱ्याला संतपद दिले की त्याचे ओझे पवित्र होते, आणि पवित्र ओझे खाली उतरवावे असे कुणालाच वाटत नाही. पिसारोचा माणूस संत नाही. त्याला घरी जावयाचे आहे, एवढेच.

ही नजर पिसारोकडे कोठून आली? त्याच्या जन्माकडे पाहिले पाहिजे. तो फ्रान्समध्ये जन्मला नाही. त्याचा जन्म वेस्ट इंडीजमधील सेंट थॉमस ह्या डॅनिश वसाहतीत, ज्यू व्यापाऱ्याच्या घरात झाला. ते बेट गुलामांच्या श्रमावर जगत होते. शेजारच्या सेंट क्रॉय बेटावरील गुलामांच्या उठावानंतर ३ जुलै १८४८ रोजी डॅनिश बेटांवरील गुलामगिरी संपल्याचे जाहीर झाले, तेव्हा पिसारो अठरा वर्षांचा व्हावयास आठवडा उरला होता आणि तो बेटावरच होता. त्याच्या तरुणपणीच्या रेखाटनांत रस्त्यावरची, नदीकाठची, कामातली काळी माणसे आहेत. १८५६ सालच्या एका तैलचित्रात समुद्रकाठच्या वाटेवर दोन काळ्या स्त्रिया बोलत उभ्या आहेत, एकीच्या डोक्यावर ओझे आहे. डोक्यावरच्या ओझ्यापासून पाठीवरच्या मोळीपर्यंतचे अंतर सतरा वर्षांचे आहे. ज्या डोळ्यांनी वाट म्हणजे ओझे वाहण्याची जागा हे लहानपणीच पाहिले, ते डोळे फ्रान्समध्ये आल्यावरही ते विसरले नाहीत, असे मी समजतो.

येथे पिसारोला 'आपला' म्हणण्याचा मोह होतो. तो ज्यू होता. द्रेफ्यू प्रकरणाच्या दिवसांत देगा आणि रन्वार ह्या जुन्या सोबत्यांनी त्याच्याकडे पाठ फिरविली. ज्युली व्हेले ही त्याची बायको त्याच्या आईकडे कामाला असलेली शेतकरी घरातली मुलगी. तो अराजकवादी विचारांचा होता. १८८९-९० मध्ये त्याने 'सामाजिक नीचता' अशा अर्थाच्या शीर्षकाखाली २८ रेखाचित्रे काढली. उपासमार, आत्महत्या, भांडवलदाराची मुजोरी हे त्यांचे विषय. हे सारे खरे आहे. पण हा मोह आवरला पाहिजे. ती २८ चित्रे त्याने लंडनमधील आपल्या भाच्यांसाठी काढली होती. बाजारात गेली ती शेतांची तैलचित्रे. राग कागदावर आणि शेत कॅनव्हासवर, अशी वाटणी त्याच्या कलेत आहे. 'जेले ब्लांश'मधील माणसाला चेहरा नाही. तो लहान आहे, मातीच्या रंगाचा आहे, रानात मिसळून गेलेला आहे. म्हणूनच तर माझ्यासारख्याला तो दिसला नाही. शहरातील धनिकाने हे चित्र दिवाणखान्यात लावले तर त्याच्या जेवणात व्यत्यय येईल असे त्यात काही नाही. हे चित्र विद्रोही आहे असे म्हणणे म्हणजे विद्रोह ह्या शब्दाची किंमत कमी करणे होय.

मग त्याचे मोल कशात? ते खोटे बोलत नाही, ह्यात. त्याने शेत रंगविताना शेतावरचे श्रम पुसले नाहीत. चौकटीबाहेरच्या झाडांच्या सावल्या पुसल्या नाहीत. सकाळ सुंदर दिसावी म्हणून मोळीवाल्याला वाटेवरून हाकलले नाही. दहिवर सुंदर आहे आणि मोळी जड आहे, ह्या दोन्ही गोष्टी एकाच उजेडात, एकाच रंगाने, कुणालाही झुकते माप न देता त्याने मांडल्या. सौंदर्य पाहावयाचे तर दुःख झाकले पाहिजे, किंवा दुःख दाखवावयाचे तर सौंदर्य नाकारले पाहिजे, अशा दोन टोकांत आपल्याकडील चर्चा वारंवार अडकते. दहिवर माझ्या मायलाही दिसले होते. तिने ते नाकारले नाही. "थंडी लई हाय," असे ती म्हणालीच. पण तिने त्या थंडीत चालणारा माणूस आधी पाहिला.

माझ्या विद्यार्थ्यांना मी आता हे चित्र दाखवितो तेव्हा आधी काही सांगत नाही. काय दिसते ते लिहा, एवढेच म्हणतो. बहुतेक जण अजूनही 'शांत' असेच लिहितात. शब्द खोडावयास मी लावत नाही. त्याखाली आणखी एक ओळ लिहावयास सांगतो : ही शांतता कुणाची? मग वर्गात थोडा वेळ कुणी बोलत नाही. नंतर कुणीतरी मागच्या बाकावरून विचारते, "सर, त्या माणसाच्या पाठीवर काय आहे?" तेथून तास सुरू होतो.